तनुजाच्या गोधडीचे रंग

नाय, मला एक सांगा, माणसानं दिवसातून 'चालेल' म्हणावं तरी किती वेळा? काही हद्द? मी म्हणते, रंग विचारला तर माणसानं रंग सांगावा! लाल म्हणावं, पिवळा म्हणावं, नायतर सरळ म्हणावं की काकू, तुम्ही आपल्या घरी जा. तेबी मला चाललं असतं… बघा! माझ्याबी तोंडात तोच शब्द बसला. ऐकून ऐकून बसला. तुम्ही बसा ना, उभ्यानं ऐकायची गोष्ट नाय ही. खुर्चीवरचे कपडे सारा तिकडं, घडी मोडली तर मोडू द्या.

तर आमच्या शेजारची तनुजा. सिडकोत आमची गल्ली कशी, घराला घर चिकटलेलं, मधे एकच भिंत. त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली की आमचे हे मला म्हणतात, "रत्ना, भात झाला बघ, गॅस बंद कर." इतकं जवळ! लोक म्हणतात रत्नाकाकू भोचक. तुम्हाला सांगते, मी कधी कान लावत नाय. कान जिथल्या तिथं आहेत, भिंतच पातळ आहे, त्याला मी काय करू?

ही तनुजा म्हणजे सोमनाथची बायको. सोमनाथ शेंद्र्याला कंपनीत आहे, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, घरात असला की झोपलेला. घरात सासू, मालनबाई. आणि ही तनुजा, बी.कॉम. शिकलेली, करमाडची पोरगी, आणि आधी कशी होती म्हणता? मिरची! गेल्या दिवाळीच्या आधी माझ्यासंगं साडी घ्यायला आली, तर दुकानदाराला अख्खी फळी खाली काढायला लावली, आणि शेवटी म्हणली, "दादा, तुमच्याकडं सगळे रंग कालचे वाटतात," आणि उठली! मी तोंडाला पदर लावून बाहेर. असली पोरगी.

आणि दिवाळी झाली, आणि हिची आई गेली. लीलाबाई. सकाळी चुलीवर चहा ठेवला, दाराशी बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. चहा उतू गेला तेव्हा कुठं घरात कळलं. तनुजाला तेव्हा सहावा लागलेला. आणि त्या दिवसापासून ही पोरगी… कसं सांगू, रडली नाय. एक टिपूस नाय. भांडली नाय, आजारी पडली नाय, जेवली, झोपली, औषधं घेतली. विचारलं की उत्तर एकच. तनुजा, वरण करू का कढी? चालेल. अगं, दोन्हीतलं काय? चालेल. टीव्ही लावू का बंद करू? चालेल. एकदा मी मुद्दाम म्हटलं, तनुजा, तुझ्या नवऱ्याला वाळूत पुरू का? तर माझ्याकडं बघून, शांतपणे, "चालेल काकू." आणि सोमनाथ तिथंच बसून पोहे खात होता हो!

सगळे म्हणायचे, किती समजूतदार सून. मालनबाई तर येईल त्याला सांगायच्या, "आमची तनुजा म्हणजे गाय, गाय." मी मनात म्हणायचे, अहो, गायबी शेपूट हलवते.

मला एकच धास्ती पडली होती, तुम्हाला सांगते. दिवस भरत चालले. उद्या बाळंत होईल, नर्सबाई लेकरू पुढं धरील, आणि ही त्याच्याकडं बघून म्हणंल, चालेल! लेकराला आई पाहिजे का नको? चालेलवर लेकरू वाढतं का कुठं? मला रात्री हेच दिसायचं. मी ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "तुला काय करायचंय? त्यांचं ते बघतील." बघतील! ज्यांना बघायचं ते रातपाळीला.

मग माझ्या डोक्यात आलं, गोधडी! लीलाबाईंचा हात गोधडीवर असा चालायचा की टाका मोजून घ्यावा. लेकीच्या लेकराला गोधडी शिवायची म्हणून जपून ठेवलं होतं सगळं त्यांनी मनात, आणि गेल्या. म्हटलं, आपण शिवू. आणि रंग तनुजाला निवडायला लावू. ह्या पोरीला कायबी चाललं असंल, पण रंग? रंगावर ही गप बसायची नाय. ही एकदा तरी 'हे नको' म्हणंल, आणि एकदा 'नको' निघालं की मागून सगळं निघंल. मला गोधडीची पडली नव्हती हो, मला तो एक 'नको' पाहिजे होता.

नेली तिला औरंगपुऱ्यात. रिक्षातून, हळू हळू, खड्डे चुकवत, म्हणजे रिक्षावाला खड्डे चुकवत होता आणि मी त्याला चुकवायला सांगत होते. कापडाच्या दुकानात बसवलं गादीवर. दुकानदार खुश. "बोलो ताई, बच्चे के लिए? ये देखो, हत्तीवाला प्रिंट."

"चालेल."

"नहीं तो ये मोरवाला?"

"चालेल."

"ये जांभळे में मोटारी…"

"चालेल."

अहो, त्या माणसाचा विश्वास बसंना! इतक्या वर्षात असं गिऱ्हाईक त्यानं बघितलेलं नव्हतं. आमच्यासारख्या बायका दुकान डोक्यावर घेऊन रुमाल घेतात, आणि इथं प्रत्येक ताग्याला चालेल! तो कात्री घेऊन फाडत सुटला हो. मी ओरडले, "ओ शेठ, थांबा! तिला सगळंच चालतं!" तर तो म्हणतो कसा, "तो अच्छी बात है ना ताई, झगडा किस बात का?" त्याला काय सांगू झगडा किस बात का. हत्ती कापून झाला होता, तेवढा घेऊन आलो.

घरी आलो तर मालनबाई दारात. हत्ती बघितला आणि म्हणल्या, "कोऱ्या कापडाची गोधडी? लेकराला? अगं रत्ना, खळ असते त्यात! कोवळं अंग काचंल! लेकराला जुनं लागतं, माणसाच्या अंगावर मऊ झालेलं. तुला एवढंबी कळंना?"

मला कळत होतं! पण मी काय सांगणार की मी हत्तीसाठी गेलेच नव्हते?

मग मी पदर खोचला आणि गल्लीत निघाले. म्हटलं, घराघरातून एक एक जुनं कापड आणते, ढीग मांडते पुढं, ह्यातून तर निवडंल! आणि आमची गल्ली म्हणजे… लेकराच्या गोधडीला कापड द्या म्हटलं की लोकांना काय उत्साह! सरूबाईनं लुगडं काढलं, इतकं मऊ की हातातून पाणी जावं तसं जातंय, आणि मागोमाग हुकूम, "पण माझं मधोमध लावायचं हं, काठाला नको." तात्यासाहेबांनी काय द्यावं? सफारीची पँट! म्हटलं, तात्या, लेकराला टोचंल. तर म्हणतात, "ह्या पँटवर मी रिटायर झालो, शुभ आहे." प्रेरणा मॅडमनी त्यांची सुती साडी दिली, पांढरीशुभ्र, निळे काठ, इस्त्री करून! फाडायच्या कापडाला इस्त्री, मास्तरीणच ती शेवटी.

तर मालनबाई म्हणल्या, "पांढरं? पोटुशीच्या पुढं पांढरं कशाला आणलं?"

प्रेरणा मॅडम पाठीमागंच उभ्या. म्हणल्या, "आमच्याकडं लग्नात नवरीला पांढरी साडी असते मालनबाई. माझंबी लग्न पांढऱ्यातच झालं. नवरा अजून धडधाकट आहे, बोलवू का दाखवायला?"

मालनबाई म्हणल्या, "तसं नव्हं मॅडम, आमच्यात आपलं…"

"मग निळा काठ तेवढा घ्या."

"काठ घेईन की! काठाला कुठं नाय म्हटलं मी? पण एका कोपऱ्याला काळं पाहिजे बाई, दृष्टीला."

"काळं कशाला," सरूबाई खिडकीतून, "बाळाला काळं दिसंल पहिल्यांदा डोळे उघडले की!"

"पहिल्यांदा काय तो कोपराच बघणार आहे का?"

अशी सगळी जुंपली, पांढरं, काळं, लाल उष्ण पडतं, हिरवं थंड पडतं, जांभळ्यानं सर्दी होते हे तर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि ढिगाच्या मधोमध तनुजा बसलेली, पोटावर हात, नजर कुठंतरी पंख्यावर. मी म्हटलं, तनुजा, तू सांग बाई, तुझं लेकरू आहे. सगळ्या वाट बघतायत. आणि तिनं ढिगाकडं बघितलं, पांढऱ्याकडं बघितलं, सफारीकडं बघितलं…

"चालेल."

"काय चालेल?"

"सगळं."

सफारीसुद्धा! मी कपाळाला हात लावला.

आता खरी गोष्ट येती, नीट ऐका. लीलाबाईंच्या साड्या. तेराव्यानंतर तनुजाचा भाऊ करमाडहून एक गाठोडं आणून ठेवून गेला होता. चादरीत बांधलेलं. आईच्या साड्या, लेकीकडं. ते गाठोडं मालनबाईंनी कपाटावर टाकलं, आणि तिथंच राहिलं, कुणी गाठ सोडली नाय. माझं रोज लक्ष त्याच्यावर. आपल्यात रीतच आहे ना, लेकराच्या अंगाला पहिल्यांदा आजीचं लुगडं! मी तनुजाला एकटीला गाठलं आणि विचारलं, "बाळा, तुझ्या आईच्या साड्या घ्यायच्या का गोधडीला?"

"चालेल काकू."

माझा जीव हरखला. मी गेले मालनबाईंकडं, तर त्या एकदम ताठ. "मेलेल्या माणसाचं कापड? लेकराला? नाय, नाय, नाय. रत्ना, पुन्हा तोंडातून काढू नको." आणि माझ्यासमोर तनुजाला हाक मारली, "तनुजा, त्या साड्या बोहारणीला देऊन टाकाव्या म्हणते मी. डोळ्यापुढं नको. चालंल ना?"

"चालेल आत्या."

घ्या! आता? मी म्हणते, "मला तिनं चालेल म्हटलंय!" मालनबाई म्हणतात, "मलाबी म्हटलंय!" "मला आधी म्हटलंय!" "मला शेवटी म्हटलंय!" कोर्टात गेलो असतो तर जज्जानं डोकं आपटून घेतलं असतं.

मालनबाई वाईट आहेत असं समजू नका हं. त्यांची पहिली पोर पाळण्यात गेलेली. त्या पोरीच्या वेळी सगळं नीट केलं होतं, तरी गेली. तेव्हापासून त्यांना सगळ्याचंच भ्या. मांजर आडवं गेलं, भ्या. शिंक आली, भ्या. म्हणून तर लीलाबाई गेल्या तेव्हा… पोटुशी बाईनं मढं बघू नये म्हणतात ना. ह्या पोरीला करमाडला नेलंच नाय. सोमनाथ गेला, मीबी गेले टमटमीत बसून, सगळी गल्ली गेली. लीलाबाईंची लेक तेवढी घरात. मालनबाई दार लावून तिच्याजवळ बसल्या, तिला चहा दिला, आणि म्हणल्या, "तुला न्यायचं नाय बाई, लेकराला बाधतं." तेव्हा ही म्हणली होती…

सांगायला नकोच. तो पहिला.

तर गाठोडं आपलं कपाटावरच. आणि एक दिवस नळाला पाणी आलं. आता आमच्याकडं पाणी यायचा दिवस म्हणजे सणच, आठवड्याचं सगळं त्याच दिवशी उरकायचं. मालनबाई छावणीला बहिणीकडं गेलेल्या, सोमनाथ झोपलेला, मी गच्चीवर टाकी भरतेय. मोटार घुर्रर्र चालू. आणि तुम्हाला सांगते, आयुष्यभर भिंतीतून सगळं ऐकलं, नको नको ते ऐकलं, आणि ज्या दिवशी ऐकायला पाहिजे होतं नेमकी त्याच दिवशी मोटार चालू!

बोहारीण आली गल्लीत. डोक्यावर भांड्यांची पाटी. तनुजा दारात. बाकीचं मला नंतर कळलं. बोहारणीनं दोन जुने शर्ट घेतले आणि म्हणली, "ताई, इतने में तो वाटीच आती. कपाटावर वो गठडी दिसती, वो भी दे दो, बडा डब्बा देती मैं, झाकनवाला. देऊ का?"

आणि आमची तनुजा काय म्हणली असंल?

मी टाकी भरून खाली आले तर पोरगी दारात उभी. हातात हा एवढा स्टीलचा डबा, नवा कोरा, चकचकीत. मी म्हटलं, "अगं, डबा कुणाचा?"

"आपला."

"कशावर घेतला?"

"साड्यांवर."

"कोणत्या साड्यांवर, तनुजा?"

तिनं डब्यात बघितलं. आत काय बघायचं, रिकामा डबा. आपलंच तोंड दिसतं त्यात, वाकडंतिकडं. ती बघतच राहिली. आणि मग म्हणली, जशी काय दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगतेय अशी, "आईच्या."

 मी तिथंच रडत बसले तर झालंच! मी डबा घेतला तिच्या हातातून, तिला चपला घालायला लावल्या, सोमनाथला हाक मारली तर तो झोपेत म्हणतो, "चालेल"! बायकोचं लागलं हो त्यालाबी! रिक्षा थांबवली, म्हटलं, दादा, बोहारीण दिसंल तिकडं घे. तो म्हणतो, "कौनसी बोहारीण?" म्हटलं, जी दिसंल ती! ह्या गल्लीत, त्या गल्लीत, शाळेमागं, मी रिक्षातून मान काढून ओरडतेय, लोकांना वाटलं आम्ही भांडी विकायला निघालो, मांडीवर डबा होता ना. दोघींनी तर थांबवलं, "केवढ्याला?" म्हणून. आणि तनुजा रिक्षाची दांडी गच्च धरून बसलेली. 

टीव्ही सेंटरच्या पुढं एका लिंबाखाली सापडली. चार बोहारणी बसलेल्या, आणि मधे कपड्यांचा डोंगर. सगळ्यांच्या पाट्या एकात एक ओतलेल्या! गाठोडं सुटलेलं, चादर तेवढी बाजूला, आणि साड्या मिसळल्या शहराच्या साड्यांत.

मी डबा आपटला. "हा घे तुझा डबा, आमच्या साड्या दे."

"सौदा हो गया ताई."

"काय सौदा? पोरगी आठव्या महिन्यात आहे, तिच्या मेलेल्या आईच्या साड्या आहेत त्या!"

ती बाई थबकली. कानावर हात नेले. मग म्हणली, "ऐसा बोलना था ना पहले. मुझे क्या मालूम? निकालो, निकाल लो अपने." आणि लगेच, "झाकण कुठंय डब्ब्याचं?"

झाकण घरी! घाईत राहिलं. म्हटलं, पुढच्या खेपेला ने. ती म्हणते, "बघा हं, बिनझाकणाचा डब्बा कोण घेता?" अशा वेळी तिला झाकण! पण तिचंबी बरोबर आहे.

मग मी पुढं झाले. लीलाबाईंना मी पाहिलेलं ना. एक आंब्याच्या रंगाची ओढली. "ही! तनुजा, हीच ना आईची? मी बघितली होती अंगावर."

तिनं बघितलं.

"नाही."

मी थांबले. बोहारणीनं दुसरी काढली, जांभळी. "ये क्या, ताई? अच्छी है, ये चलेगी?"

"नको. ही नाही."

अहो, मला तिथं रस्त्यात लिंबाला मिठी मारावीशी वाटली! पण मी हललेच नाय. हलले आणि बंद पडलं तर?

तिनं मला बाजूला केलं. बाजूला म्हणजे, हातानं, चक्क ढकललं. आणि एवढं पोट घेऊन खाली बसली, फुटपाथवर मांडी घालून, आणि एक एक साडी काढायला लागली. "ही नाही. ही नाही. ह्या काठाची आई कधीच घेत नव्हती. ही… ही बाजारची. ही राहू दे इकडं. ही मामाच्या पोरीच्या लग्नातली, ही कापायची नाही काकू, ही घडीवर ठेवायची. ही हिरवी वर घ्यायची गोधडीला, पूर्ण, जोड न देता. ही विटकी आतल्या थराला, लई मऊ आहे. ह्या लालचे काठ काढायचे, नुसते काठ, अंगचं कापड नको, अंगचं तिला टोचायचं." मी आपली हातावर घेत चाललेय, उजव्या हातावर कापायच्या, डाव्या हातावर ठेवायच्या. चौकात गाड्या चालल्यात, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, बोहारणी कामं सोडून बघतायत. एक चॉकलेटी काही सापडली नाय. बोहारीण शपथा घ्यायला लागली, "माँ कसम ताई, इतनेच थे." तर तनुजा म्हणली, "राहू द्या. ती आईलाबी आवडत नव्हती. वहिनीनं दिलेली."

रडली? नाय. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. पदरबी काढून ठेवला होता तिच्या डोळ्यांसाठी. पण नाय रडली. रिक्षात बसली, साड्या पोटावर धरल्या, आणि घराच्या वळणावर आल्यावर म्हणली, "काकू, मला नेलं नाही तेव्हा मी चालेल म्हटलं होतं."

मी म्हटलं, "व्हय."

 आणि घसरणारी हिरवी साडी तिच्या पोटावर नीट सारली.

घरी मालनबाई आलेल्या. साड्या बघितल्या आणि सुरू झाल्या, "अगं पुन्हा आणल्या? तनुजा, मेलेल्या माणसाचं लेकराला…"

"आत्या," तनुजा म्हणली, "गोधडी ह्याचीच होणार. दुसऱ्या कशाची नाही चालणार."

 भिंतीपलीकडं आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, मला ऐकू आलं. आणि म्हणे मी भोचक! मालनबाई सुनेकडं बघतायत, बघतायत… मग त्यांनी साड्या उचलल्या. मला वाटलं, आता फेकतात. तर मोरीत नेल्या, हळदीच्या पाण्यात बुडवल्या, पिळल्या आणि गच्चीवर उन्हात घालायला स्वतः जिना चढल्या, गुडघे दुखतात त्यांचे. वरूनच म्हणल्या, "वरनं तुझ्या आईचं लाव. पण खालनं माझं लुगडं लावायचं. फरशीचा गारवा वर येतो. तो माझ्या अंगावर येऊ दे, लेकराला नको."

"कोणतं लुगडं?" तनुजा म्हणली. "ते मोरपंखी नको हं. त्याचा रंग जातो."

झालं! मिरची परत. मग काय विचारता, आधी सगळं चालत होतं, आता काहीच चालंना! पांढरा दोरा घालून अर्धी गोधडी टाचली, बघितली, आणि उसवली, म्हणे लाल पाहिजे. लाल आणला, म्हणे हा तांबडा आहे, लाल नाय. सोमनाथला त्या रंगासाठी औरंगपुऱ्यात इतक्या खेपा घालायला लावल्या की तो मला दारात धरून म्हणाला, "काकू, ती चालेल म्हणायची तेच बरं होतं हो." मी म्हटलं, भोग.

मला शिवायला बसू दिलं नाय. एकच टाका घातला मी, एकच! तिनं तो उचकून काढला आणि म्हणली, "काकू, तुमचा टाका उड्या मारतो." एवढं सगळं कुणी केलं? माझाच टाका उड्या मारतो!

आणि मग मुलगी झाली. दवाखान्यात मी आणि मालनबाई बाहेर. नर्सबाईनं लेकरू आणलं, दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं, आणि खाटेवर तिच्यापुढं धरलं.  मी दाराच्या फटीत. ही बघतेय. लेकराकडं बघतेय. तोंडावर कायबी नाय, कोरं. मला वाटलं, आलं, आता तो शब्द आलाच…

"ह्या खरखरीत कापडात नको तिला," म्हणली. "माझी गोधडी द्या. आणि काकूंना म्हणावं, फटीतून बघू नका, आत या. हात धुऊन."

मी हात धुतले. दोनदा धुतले. साबण डोळ्यात गेला म्हणा.

आता सगळं छान झालं म्हणता? अहो, माझ्या घरात ते गल्लीचं पोतं पडलंय त्याचं काय! सरूबाईचं लुगडं, मॅडमची साडी, तात्यांची सफारी, औरंगपुऱ्याचा हत्ती, त्यातला एक चिंधूक तिनं घेतला नाय. आणि सगळी गल्ली बाळ बघायला येते, म्हणजे आपला तुकडा बघायला येते, गोधडी उलटसुलट करते आणि बाहेर येऊन माझ्या दारात उभी. "रत्ना, माझं मधोमध लावणार होतीस ना?" "काकू, निळा काठ दिसला नाही तो." तात्यासाहेब तर चष्मा लावून आले.

मी सगळ्यांना सांगते, आतल्या थरात आहे. गोधडी म्हणजे वरनं एक, खालनं एक, आणि आत काय काय असतं, ते दिसतं का? लेकराच्या अंगाखालची गोधडी उसवून कोण बघणार? लोकांचं समाधान होतं, चहा पिऊन जातात.

माझाबी एक पदर दिलेला आहे हो मी, माझ्या लग्नातला. परवा बाळाला मांडीवर घेतलं होतं, म्हटलं, तनुजा, खरं सांग, माझा तरी घेतलास का ह्यात? ती दूध पाजायला लेकरू घेता घेता हसली. लई दिवसांनी हसली. म्हणली, "काकू, आत आहे ना."

आता मी तरी काय उसवून बघणार?